सुमनताई आणि प्लास्टिकची पानं

सुमनताई, आधी त्या घंटेचं बोलून घेते. ते बोलल्याशिवाय मला पुढचं काही सुचायचं नाही.

तुला अंगणातून उचललं तेव्हा तुझ्या छातीवर एक घंटा वाजत होती. बोटाच्या पेराएवढी, सोनेरी, लाल रिबिनीला लोंबणारी. खांदेकऱ्यांचं पाऊल पडलं की किणकिण. गल्लीच्या तोंडापर्यंत 'राम नाम सत्य है' आणि त्यामागून किणकिण. शाळेतल्या पोरांच्या नाताळासाठी तूच स्वतःच्या हातानं बांधलेली ती घंटा. लोक रडत होते आणि मी ती किणकिण मोजत होते.

झालं असं की आत्याबाईंचे जावई पहाटेच येऊन पोहोचले. तेही भाऊजींसारखे तोफांच्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेले, अशा कामात नेहमी पुढे. बांबू कुठून आणायचे, मडकं कोण धरणार, सगळं त्यांना पाठ. व्हरांड्यात खिळ्यांना तू केलेली सहा कडी टांगलेली होती. गोल, हिरवी, खाली लाल रिबीन आणि घंटा. त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "फॅक्टरीकडून पुष्पचक्रं आलेली दिसून राहिली. मग टांगून काहून ठेवली? चढवा ना!" आपल्या गावात गोल हिरवं काही दिसलं की माणसाला एकच आठवतं. छावणीत कुणाचा मुलगा तिरंग्यात गुंडाळून येतो तेव्हा तेच, फॅक्टरीतला कुणी गेला तरी तेच. अंगणात एवढी माणसं होती, पण हे ख्रिसमसला दारावर लावायचं कडं आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नव्हतं आणि घरचं कुणी भानावर नव्हतं. मी सोडून.

मी दारातच उभी होते, तुळशीच्या पाण्याचा गडू घेऊन. 'अहो, ते शाळेचं आहे' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी म्हटले नाहीत, आणि त्यातलं एक कडं तुझ्या छातीवर चढलं. त्या क्षणी मनात काय आलं ते तुला सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मनात आलं, प्लास्टिकच हवं होतं ना तुला? घे मग, प्लास्टिकच ने. मेलेल्या माणसाशी कुणी असं भांडतं का? मी भांडले. तोंड मिटून, हातात तुळशीचं पाणी धरून भांडले.

तिसऱ्या दिवशी अस्थी घ्यायला तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटावर गेलो. बायकांनी जायचं की नाही यावर आत्याबाई काहीतरी बोलल्या, मी ऐकलं नाही. चितेवर ठेवण्याआधी कुणीतरी ते कडं काढून नदीत भिरकावलं असणार. घाटाच्या पायऱ्यांशी निर्माल्य साचलं होतं, काळा पडलेला झेंडू, भिजलेल्या पत्रावळी, कुणाच्या तरी फोटोची चौकट, आणि त्या सगळ्या लगद्यात ते अडकून बसलेलं. झेंडू सडला होता. ते मात्र हिरवंगार, पान न् पान जागच्या जागी. तीन दिवस पाण्यात राहून त्याला काही झालं नव्हतं आणि तुझी मूठभर राख राहिली होती. मी पदर खोचून पाण्यात उतरले आणि ते ओढून काढलं. घाटावरचा एक जण म्हणाला, "दीदी, नर्मदाजी में चढ़ा हुआ वापस नहीं लेते."

"भैया, प्लास्टिक चढ़ता नहीं है," मी म्हटलं, "सड़ता भी नहीं है."

पिशवीत कोंबून ते घरी आणलं आणि सकाळी कचरागाडीत टाकलं. तुझ्या हातच्या गाठी होत्या त्यात. तरी टाकलं.

चारचौघांत मी तुला 'ताई, तुम्ही' म्हणायचे आणि गच्चीवर आपण दोघीच असलो की 'तू'. धाकट्या जावेनं थोरलीला अरे-तुरे करणं आपल्याकडे शोभत नाही. पण हे आता चारचौघांनी वाचलं तरी मी तूच म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्यानं वाचू नये.

तू खाली, मी वर. अधारतालच्या या घरात आपण दोघींनी पस्तीस वर्षं काढली. लोकांना वाटायचं, काय गोडीगुलाबी आहे जावाजावांची! गोडीगुलाबी कसली? वरणात चिंच घालायची की आमसूल, यावरून आपण आठवडाभर अबोला धरलेला आहे. टाकीचा नळ कोण बंद करायला विसरलं यावरून तर भाऊजींना मध्ये पडावं लागलं होतं. पण भांडण झालं की संध्याकाळपर्यंत तुझ्याकडून वर वाटी यायची, किंवा माझ्याकडून खाली जायची. वाटी परत रिकामी पाठवायची नाही, हा नियम होता. त्यामुळे समेट कधी कुणी केला ते कळायचंच नाही.

मी रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले तेव्हाची गोष्ट मला आज कबूल करायची आहे. पहिले काही महिने मी गॅलरीत नुसती बसून असायचे. हे विचारायचे, काय करून राहिली? मी म्हणायचे, काही नाही. आणि खरंच काही करत नव्हते. मूलबाळ नाही, ऑफिस नाही, दुपार संपता संपायची नाही. तू मिशनच्या शाळेत हस्तकला शिकवायचीस आणि तुझी नोकरी संपल्यावरही तिथल्या सिस्टर दर डिसेंबरात तुझ्याकडून बारा कडी करून घ्यायच्या, बारा वर्गांच्या बारा दारांसाठी. त्या वर्षी तू जिन्याखाली उभी राहून हाक मारलीस, "वंदू, खाली ये. गाठी मी मारते, तू पानं बघ." मी आले. तो जिना उतरणं माझ्यासाठी काय होतं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मी त्या गॅलरीतून कधी उठले असते की नाही, मला माहीत नाही.

काय सुरेख काम होतं ते! मेन रोडवरच्या वेल्डरकडून लोखंडी कडी वळवून आणायची. खुर्चीच्या पाठीला कडं अडकवून तू समोर बसायचीस, मांडीवर सुती दोऱ्यांचा ढीग. दोरी लागेल त्याच्या चौपट कापायची, नाहीतर शेवटी रडायची पाळी येते, हे तू प्रत्येक वेळी सांगायचीस, जसं काही मी गेल्या वर्षी नव्हतेच. डावी वरून, उजवी खालून, ओढ. उजवी वरून, डावी खालून, ओढ. अर्ध्या कड्यावर तुझ्या गाठी, खाली सोडलेल्या दोऱ्या जुन्या कंगव्यानं विंचरून केलेली झालर, आणि उरलेल्या अर्ध्यावर माझी पानं. गच्चीवरच्या कुंड्यांतली मोरपंखी, पाटनच्या रस्त्याला शेताच्या बांधावर उभी असलेली निलगिरी, ओळखीच्या नर्सरीतल्या सुरूच्या डहाळ्या. रात्रभर बादलीत बुडवायची, पुसायची, देठाला ओल्या कापसाची गुंडाळी करायची आणि जुडी करून तुझ्या गाठीखाली सरकवायची. गाठ अशी बसायची की पानाला इजा नाही आणि पान सुटायचंही नाही. सगळा व्हरांडा त्या वासानं भरायचा. मी म्हणायचे, असा वास देवघरातही येत नाही. तू मान हलवायचीस.

आणि मला प्लास्टिकच्या पानांची किळस आहे, हे सगळ्या अधारतालला माहीत होतं. दिवाळीत मेन रोडला ती तोरणं टांगतात ना, मी तिथून जाताना नाक धरते. ती चकचकीत आंब्याची पानं, त्यांवर छापलेल्या शिरा, घासलेटासारखा वास. लोक ती साबणाच्या पाण्यात धुऊन पुढल्या वर्षी परत लावतात. देवाच्या दारात धुतलेलं पान! अरे, पान वाळावं, गळावं, केरात जावं, म्हणून तर ते पान. एकदा आत्याबाईंनी मला तसलं तोरण भेट दिलं, मी त्यांच्यादेखत ते परत केलं. तू नंतर तासभर मला बोलत होतीस. पण बोलता बोलता तुला हसू आलं, ते मी बघितलं होतं.

दोन वर्षं झाली, डिसेंबर आला की तुला खोकला लागायचा. तू खिडकीशी खुर्ची ओढून बसायचीस, नाकावरून पदर घ्यायचीस, म्हणायचीस, थंडी वाजते. मी काढा करून दिला, हळदीचं दूध दिलं. गेल्या वर्षी तर मी माझ्या निलगिरीचीच पानं मोठ्या पातेल्यात उकळली, तुला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून जाड चादर टाकली. "अजून वाक," मी म्हणत होते, "चांगली आत ओढ." तू आत ओढलीस. बाहेर आलीस तेव्हा डोळे लालभडक आणि ओठ निळसर होते. मी म्हटलं, "बघ, कसं मोकळं झालं!" तू जरा वेळानं म्हणालीस, "हो. बरं वाटलं." हे वाक्य मी आता रोज ऐकते.

मग यंदाचा नोव्हेंबर. मी खाली आले तर पलंगावर एक खोकं उघडं पडलेलं, आणि त्यात ती. हिरवी, चकचकीत, देठाच्या जागी तार.

"ताई, हे काय आणून ठेवलं?"

"पानं आहेत."

"ही पानं आहेत?"

"शाळेचं म्हणणं आहे, वंदू. यंदा हीच लावायची. खरी गळतात, वर्गात कचरा होतो म्हणे."

"अन् तू हो म्हटलं?"

"म्हटलं."

"काहून?"

"काहून म्हणजे काय? त्यांची शाळा, त्यांची दारं."

"मग त्यांनाच बसू दे या घाणीत. मी नाही बसणार."

"नको बसू."

तू माझ्याकडे बघत नव्हतीस. दोरी मोजत होतीस, आणि तोच हातभर तुकडा परत परत मोजत होतीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला राग आला की डोळ्यांचा उपयोग नसतो. मी म्हटलं, "तुझे विद्यार्थी तुला विसरून गेले, म्हणून तू आता शाळेच्या तालावर नाचून राहिली." हे मी म्हटलं. तू फक्त म्हणालीस, "चलो, असं समज." आणि मी वर निघून गेले.

तीन आठवडे. पस्तीस वर्षांत इतका लांबलचक अबोला झाला नव्हता. तू एकदा भाऊजींच्या हाती वाटी पाठवलीस, वांग्याच्या भाजीची. मी ती खाल्ली, आणि वाटी घासून रिकामी परत पाठवली. मुद्दाम. वर बसून मी तुझ्या खोकल्याचा कानोसा घ्यायचे, आणि खोकला येईना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बाई मजेत आहे. माझ्याशिवाय तिची तब्येत सुधारली. आणि मी आणखी चिडले.

नंतरचं तुला ठाऊक नाही, कारण तू नव्हतीस. भाऊजींनी खालून हाक मारली, तीही माझ्या नावानं. थोरल्या दिरानं माझं नाव घेऊन हाक मारायची ती पहिलीच वेळ. जिना उतरेपर्यंत मला कळलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, झोपेतच थांबलं, श्वासाचा काही संबंध नाही. श्वासाचं त्यांनी आपण होऊन का काढलं हे मला त्या दिवशी समजलं नाही.

आठव्या दिवशी शाळेतल्या सिस्टर भेटायला आल्या. सतरंजीवर बसल्या, तुझ्या फोटोपुढे डोळे मिटले. मी त्यांना म्हटलं, ताईनं शब्द दिला होता, राहिलेली कडी मी पुरी करून देईन. झालं! आत्याबाई कोपऱ्यातून उसळल्या. "सुतकात सणाचं काम? हात लावशील तर बघ."

हे म्हणाले, "आत्या, तो आपला सण कुठे आहे?"

"सण तो सण. दाराला लावायची वस्तू शुभ असते."

"पण दार आपलं कुठे आहे? दुसऱ्याच्या दाराला आपलं सुतक कसं लागेल?"

यावर अर्धा तास चर्चा चालली, ताई. जावई म्हणाले, ख्रिश्चन लोकांत सुतक नसतं, म्हणजे तिकडून हरकत नाही, प्रश्न इकडचा आहे. गुरुजींना फोन लावला. त्यांना नाताळाबद्दल विचारणारा पहिलाच यजमान भेटला असावा, ते म्हणाले, बघून सांगतो. तुझ्या फोटोपुढे दिवा जळत होता आणि ही माणसं वाद घालत होती. ज्यांनी तुझ्या छातीवर घंटा चढवली, त्यांना आता शुभ-अशुभाची पडली होती. मला इतका वीट आला की मी उठून सिस्टरना सोडायला फाटकापर्यंत गेले.

फाटकाशी त्या म्हणाल्या, "जो बन गए वही बहुत हैं, वंदनाजी. आप तकलीफ़ मत कीजिए. और प्लास्टिक क्यों? पत्ते ही लगा दीजिए, अगर बनाना है तो."

मी म्हटलं, "आप ही लोगों ने तो प्लास्टिक बोला था."

"हमने? नहीं तो. सुमनजी का ही फ़ोन आया था, कि इस बार पत्ते नहीं लगेंगे. बच्चे तो पूछ रहे हैं, वो ख़ुशबू वाले गोले नहीं आएँगे क्या?"

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. तुझी मेघा चहा गाळत होती. मी विचारलं, "तुझी आई माझ्याशी खोटं काहून बोलली?" तिनं गाळणी खाली ठेवली. तुझ्या लेकीला मराठी समजतं सगळं, पण ती घाबरली की हिंदीत शिरते.

"काकू, मम्मी ने मना किया था बताने को."

"काय मना केलं?"

"उन्हें उन पत्तों से अस्थमा होऊन राहिला होता. डॉक्टरनं दोन साल पहलेच सांगितलं. नीलगिरी तो बिलकुल नहीं, वो मोरपंखी भी नहीं. बंद कमरे में तो बिलकुल नहीं."

"अन् मला सांगितलं नाही?"

"मी म्हटलं ना मम्मीला, काकूंना सांग. तर म्हणे..."

"बोल."

"म्हणे, रिटायर झाल्यापासून वंदूजवळ दुसरं आहे काय? ती पानंच तर आहेत. तेही काढून घेतलं तर ती परत त्या गॅलरीत जाऊन बसेल."

चहा उतू गेला. मेघा सॉरी काकू, सॉरी काकू म्हणत ओटा पुसत राहिली. मी तिथेच उभी राहिले आणि मला ती चादर आठवली. मीच तुझ्या डोक्यावर टाकलेली, कडा दाबून धरलेली, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. अजून वाक, मी म्हणत होते. आणि तू वाकलीस! तुला माहीत होतं, डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि तरी तू त्या पातेल्यावर वाकलीस, मला वाईट वाटू नये म्हणून. मोरीत जाऊन मला उलटी झाली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

डॉक्टरांना मी दोनदा जाऊन विचारलं. ते दोन्ही वेळा म्हणाले, हृदयच, त्या वाफेचा आणि याचा संबंध नाही, वर्ष झालं त्याला. मी तिसऱ्यांदाही विचारणार आहे.

माझी स्वतःची किळस आली हे तर झालंच. पण ताई, तुझीही आली. तुझ्या त्या चांगुलपणाची शिसारी आली मला. मी म्हणजे काय ताप आलेलं लेकरू होते, की औषध गुळात लपवून द्यावं लागतं? दोन वर्षं मी त्या व्हरांड्यात राणीसारखी बसले होते. मला वाटत होतं, आपण दोघी मिळून काम करतो आहोत. आणि तू नाकावर पदर धरून माझी कीव करत होतीस! मी तुझ्याशी चिंच-आमसुलावरून भांडायचे ते तू माझ्या बरोबरीची म्हणून. मला सांभाळून घेणारी माणसं नको होती, तसली खूप होती. भांडणारी तू एकटीच होतीस.

आणि लगेच दुसऱ्या क्षणी वाटतं, दोन डिसेंबर महिने श्वास कोंडून माझ्याजवळ बसायचं, असं माझ्यासाठी दुसरं कोण करेल? सख्ख्या बहिणीनंही केलं नसतं. मग मी तुझ्या फोटोसमोर जाते, हात जोडायला. आणि हात जोडले की परत चीड येते. असं दिवसातून चार-पाच वेळा होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले, आत्याबाईही गेल्या, जाताना गुरुजींचा निरोप सांगून गेल्या की तेराव्यानंतर काहीच अडचण नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाटनच्या रस्त्याला जाऊन निलगिरी आणली. गच्चीवरची मोरपंखी कापली. आता मला कोण अडवणार होतं? शाळेला पानं हवी होती, पोरांना वास हवा होता, आणि तुझा श्वास आता मध्ये येत नव्हता. ते भांडण मी जिंकले होते. बादली भरून पानं बुडवली, तुझी खुर्ची ओढली, कडं अडकवलं आणि पहिली जुडी हातात घेतली.

आणि मला तो वास सहन होईना. पस्तीस वर्षांत ज्या घरात मला ओल्या पानाच्या वासाइतकं काही आवडलं नव्हतं, तिथे त्या हिरव्या वासापुढे मी नाकावर पदर ओढला. मला तुझे निळे ओठ दिसत होते. मी बादली उचलली आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन उपडी केली. हात तीनदा साबणानं धुतले, तरी वास जाईना.

मग मी तुझं खोकं उघडलं.

सहातलं एक तुझ्याबरोबर गेलं, म्हणजे सात करायची राहिली होती. सात कडी मी प्लास्टिकच्या पानांची करते आहे, ताई. आज पाचवं चालू आहे. तुला माझी फजिती बघायची असेल तर बघ. माझी गाठ सरळ बसत नाही, तिरपी चढत जाते आणि मग सगळी पट्टीच पिळवटते. पहिल्या कड्याला दोरी तिप्पटच कापली आणि खरंच रडायची पाळी आली. त्या पानांच्या तारा बोटात घुसतात. त्यांचा तो वास अंगठ्याला चिकटून राहतो, जेवताना घासाबरोबर येतो. मला अजूनही त्यांची किळसच आहे, त्यात फरक पडलेला नाही. सिस्टरना मी फोन करून सांगितलं की यंदा प्लास्टिकचीच येतील, सुमनताईनं तसं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "जैसा आप कहें." पोरांचा हिरमोड होईल, होऊ दे. त्यांना वासाची काही दुसरी सोय करून देईन, वेखंड म्हणा, लवंग-दालचिनी म्हणा. पण यंदाची कडी तुझी आहेत, आणि तू पानं नाही म्हटलं होतंस. नाही तर नाही.

भाऊजी मधून मधून व्हरांड्यात येऊन उभे राहतात. काल म्हणाले, "सुमन जास्त घट्ट ओढायची." मी म्हटलं, "तुम्हीच बसा मग." ते आत गेले आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा घेऊन आले. त्यात साखर नव्हती. आम्ही दोघांनी तसाच प्यायला.

एक गोष्ट मात्र तुला ऐकूनच घ्यावी लागेल, कारण नोव्हेंबरातलं आपलं भांडण खोट्या गोष्टीवर झालं आणि खरं भांडण झालंच नाही. समजा, दोन वर्षांपूर्वी डॉक्टरकडून आल्या आल्या तू मला सांगितलं असतंस, की वंदू, तुझ्या पानांनी माझा श्वास कोंडतो. काय झालं असतं? मी तुझ्यावर ओरडले असते. डॉक्टरला काय समजतं म्हटलं असतं. तुला माझं बरं बघवत नाही, असंही बोलले असते, माझी जीभ तुला माहीत आहे. वर जाऊन दार आपटलं असतं, जेवले नसते, तुझी वाटी परत केली असती, यांच्याशी विनाकारण भांडले असते. हे सगळं मी नक्की केलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी उठून बादली ओतून दिली असती, मोरपंखीच्या कुंड्या नर्सरीवाल्याला देऊन टाकल्या असत्या, आणि खाली येऊन तुला म्हटलं असतं, सरक तिकडे, मलाही गाठी शिकव.

एक दिवस लागला असता मला, ताई. पस्तीस वर्षं एका जिन्यावर राहून तू माझी सगळी भांडणं बघितलीस, आणि प्रत्येक भांडणानंतरचा दुसरा दिवसही तूच बघितलास. मग या एका वेळी तुला माझा तो दुसरा दिवस का दिसला नाही?